वरची बैठक

ओरिन हॅगस्ट्रॉम डावखुरा,
त्यामुळे माझी जागाही उलटी मोजावी लागली.
दोरी ओढताना त्याचं कोपर डावीकडे मागे येतं;
कॅमेऱ्याच्या दांडीला नुसतं घासलं
तरी एवढासा टक् डोंगरभर होतो.
म्हणून मी दोन हात वर, खोडाच्या उजव्या अंगाला,
पट्ट्याने झाडाला जखडलेला,
त्याच्या टोपीवरून खाली बघत.

आल्मा गावामागच्या उतारावरचं हे ओकचं झाड.
ऑगस्टात चढून करवतीने खिडक्या पाडल्या होत्या,
तीन त्याच्या, तीन माझ्या.
त्याची खिडकी ती माझी नव्हे.
दोन हातांच्या फरकाने
त्याला मोकळी दिसणारी वाट
मला फांदीआड जाते.
हे त्याला पटायला दोन हंगाम गेले.

मला ते आधीपासून ठाऊक.
कुपवाडला मी लग्नं काढायचो.
अंतरपाट सरतो तेव्हा
तुम्ही कुठल्या बाजूला आहात, सगळी मजुरी तेवढ्याची.
बाकीचं काय, मंगलाष्टकं घोड्यालाही पाठ असतात.

आमचा करार साधा:
कॅमेऱ्यात जनावर आलं असं मी सांगितल्याशिवाय
बाण सोडायचा नाही.
सुरुवातीला मी 'येस' म्हणायचो.
त्यातला 'स' पाचोळ्यात सापासारखा सरपटत जायचा,
दोन माद्या उधळल्या.
मग मी त्याला आपला शब्द दिला: हं.
ओठ हलत नाहीत. वाफही निघत नाही.

नोव्हेंबर, पावणेपाच.
गार हवा नदीकडे उतरू लागलेली,
आमचा वास घेऊन, त्याच्यापासून दूर.
तो वरून आला. शिंगांना आठ टोकं,
मानेवर चिखल वाळलेला.
ओरिनच्या मधल्या खिडकीत येऊन थांबला,
आणि माझ्या पडद्यावर त्याच्या खांद्यापुढे
एक तपकिरी पान. एकच.
गळायचं विसरलेलं.

ओरिन ओढून धरून. हात थरथरायला लागलेला.
मी बाहेर झुकलो, पट्टा कमरेत रुतला,
कातडं करकरलं,
आणि त्याने वर पाहिलं.
खोडाकडे नाही. ओरिनकडे नाही.
सरळ भिंगात.
चार सेकंद आहेत ती, मी नंतर मोजली.
पान बाजूला गेलं होतं.

हं.

दुसऱ्या दिवशी राहिलेलं काम.
तेच जाकीट, तीच टोपी, तोच उजेड गाठायचा,
कारण काल मी त्याच्या डोक्यावर होतो,
त्याचा चेहरा कुठेच नाही.
लोकांना चेहरा लागतो.
"बाण न लावता ओढ," म्हणालो,
"आणि सोडू नकोस, धनुष्य फुटेल."
मग मी खाली उतरलो.

समोरून घ्यायचं तर जागा एकच.
पाचोळा तिथे उकरलेला होता,
खुरांच्या दोन खाचा, कडेला एक पान गडद.
मी गुडघे टेकले,
कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला
आणि वर पाहिलं.

ओरिन जवळजवळ नव्हताच.
सालीवर साल, खोडाने गिळलेला;
झूम करून शोधावा लागला.
दिसत होती वरची बैठक.
फिकट आभाळावर काळी, रिकामी,
पट्टा लोंबता.
आठवडाभर वाटत होतं, मी लपलोय.

"दिसतोय का मी?" ओरिनने वरून विचारलं.
दोरी ताणलेली, गाल दोरीला.

माझ्या तोंडून गेलं: हं.

त्याचा अंगठा हलला.
मग थांबला.